कोरं जर्नल घेऊन ये

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

दोन वर्षांच्या अभ्यासाचा तुझा तक्ता पाहिला. हिरव्यात ऑटोकॅड, पिवळ्यात रेव्हिटचा क्लास, दोन्ही कॉम्प्युटरवर नकाशे काढायचे. काँक्रीट आणि सर्व्हेइंगची प्रॅक्टिकल्स मात्र राखाडीत, पुढे शेरा: 'जर्नल सीनियरकडून मिळेल.' त्या शेऱ्यामुळे हे पत्र.

बारावीवरून थेट दुसऱ्या वर्षाला बसलीस, म्हणजे सिव्हिल डिप्लोमाची दोनच वर्षं हातात. कुठल्या सेमिस्टरला कुठला विषय हे मंडळानं ठरवलंय. तुझ्या ताब्यात आहेत फक्त संध्याकाळी आणि सुट्ट्या. पहिल्या वर्षाचं मेकॅनिक्स तुझं झालेलं नाही, ते दिवाळीपर्यंत उरक. बेंडिंग मोमेंट त्यावर उभा, आरसीसी डिझाइन बेंडिंग मोमेंटवर. हे तुला कुणीही सांगेल. माझं म्हणणं एकच आहे: हातानं मोजल्याशिवाय वहीत आकडा लिहू नकोस.

मी तसे आकडे लिहिले होते. ओलसर रेती फुगते, तो प्रयोग मी मित्राच्या जर्नलातून उतरवला. रीडिंगं इतकी सुबक की सरांनी शाबासकी दिली. पुढे पहिल्याच साइटवर पाऊस पडून गेलेला, आणि मी कोरड्या रेतीच्याच फर्म्यानं, म्हणजे मापाच्या खोक्यानं, नेहमीच्याच पाण्यानं माल कालवू दिला. गोणीमागे चार-पाच लिटर पाणी रेतीतच होतं, हे डोक्यातच आलं नाही. मिस्त्री म्हणाला, "साहेब, माल पातळ वाटतोय." मी त्याला गप्प केलं. ताकद तपासायला भरलेले काँक्रीटचे क्यूब 28 दिवसांनी नापास झाले. चार कॉलम तोडले. ब्रेकरचा तो आवाज अजून कानात आहे.

ऑटोकॅड शीक की, नको कोण म्हणतंय? पण आधी स्वतःच्या घरातली खोली मोज, मग काढ. दोन्ही कर्ण घे. सारखे आले नाहीत तर खोली गुण्यात नाही, आणि तू तीच काटकोनात काढून मोकळी होशील! एस्टिमेटिंग उशिरा येतं म्हणून पुस्तक तेव्हाच उघडायचं असं नाही. सळईचा मिलिमीटरमधला व्यास, त्याचा वर्ग भागिले 162, म्हणजे 12 मिमीची मीटरला 0.89 किलो. पाठ होईल. तरी एकदा दुकानात मीटरभर तुकडा तराजूवर टाकून बघ. ब्रास म्हणजे 100 घनफूट. रेतीच्या पावतीवरचा आकडा वाचू नकोस, ट्रकच्या हौद्यात टेप लाव. हातानं मोज. कितीदा सांगू?

लोक मला अडेल म्हणतात. एकदा खोदाईच्या एमबीवर, म्हणजे मोजमापाच्या वहीवर, सही मागितली, खड्डे बुजवून झाल्यावर. मी दिली नाही, नोकरी गेली. तुझी काकू भांडणात अजून ते काढते. पण बुजलेल्या खड्ड्याची खोली मी कुठून लिहायची होती? दीड मीटर सांगत होते. असेलही. मी पाहिली नव्हती. दोन पोरं शाळेत होती तेव्हा, हे तिचं खरं आहे, आणि तरी आज मागितली तरी देणार नाही.

असो. रागावू नकोस, तुझा तक्ता नीटनेटका आहे. मला तुझ्या वयात एवढंही सुचत नव्हतं.

रविवारी ये. कोरं जर्नल, टेप आणि एक बादली आण. अंगणात रेती पडली आहे, रात्री मी तिच्यावर पाणी मारून ठेवतो. किती, ते सांगणार नाही.

तुझा काका