कॉल संपला की थांबवलेली गोष्ट आपोआप सुरू का होते?

गोष्टी ऐकवणाऱ्या तुमच्या अँड्रॉइड ॲपबद्दल दोन तक्रारी: वापरणाऱ्याने गोष्ट स्वतः पॉज केली, मग फोन आला, आणि फोन ठेवताच गोष्ट आपसूक बोलायला लागली. शिवाय मॅप्सची बाई वळण सांगत असताना गोष्ट मागे पुटपुटत राहते.

पहिलीचं कारण तुमच्या कोडमध्येच दिसतंय. गेनचा कॉलबॅक (ऑडिओ फोकस, म्हणजे आवाज वाजवण्याचा हक्क, परत मिळाल्याची सिस्टीमची सूचना) आला की तुम्ही डोळे झाकून प्ले करता. पॉज करताना फोकस सोडलेला नाही, म्हणून अँड्रॉइडच्या लेखी तो तुमच्याकडेच. कॉलपुरता काढून घेतला आणि परत दिला. परत दिला याचा अर्थ 'वाजव' असा होत नाही. माझ्या पहिल्या ॲपातही हेच होतं. आईने रात्री कथा थांबवून फोन उशाशी ठेवला, पहाटे मावशीचा फोन येऊन गेला आणि पाठोपाठ राक्षस गर्जायला लागला. आठवडाभर ऐकून घ्यावं लागलं.

एक बूलियन (ट्रू किंवा फॉल्स एवढंच साठवणारं व्हेरिएबल) पुरे. लॉस ट्रान्झिएंट (फोकस तात्पुरता गेल्याची सूचना) आला त्या क्षणी प्लेअर वाजत असेल तरच तो ट्रू करा, मग पॉज. गेनवर तो ट्रू असेल तरच प्ले, आणि लगेच फॉल्स. मधेच कोणी पॉज दाबलं किंवा कायमचा लॉस आला, तरी फॉल्स. कायमच्या लॉसनंतर गेनची वाट बघू नका, तो येत नाही. पुढच्या वेळी प्ले दाबलं की फोकस नव्याने मागा.

मॅप्सचं म्हणाल तर अँड्रॉइड 8.0 पासून आवाज खाली घ्यायचं काम सिस्टीमच करते. गाण्याला ते ठीक, पण गोष्टीतली दोन वाक्यं त्यात बुडतात. कन्टेन्ट टाइप (आवाज कशाचा आहे ते सिस्टीमला सांगणारी सेटिंग) स्पीच द्या. मग सिस्टीम हात लावत नाही, कॅन डकचा (थोडा वेळ आवाज खाली घ्या, असं सांगणारा) कॉलबॅक तुमच्याकडे येतो. तिथे सरळ पॉज करा, बूलियनचा नियम तोच.

मीडिया3 या अँड्रॉइडच्या लायब्ररीतला एक्झोप्लेअर हा तयार प्लेअर वापरत असाल तर सेट ऑडिओ ॲट्रिब्यूट्सचा दुसरा पॅरामीटर ट्रू केला की हे सगळं तोच सांभाळतो. मात्र तेव्हा स्वतःची फोकसची मागणी काढून टाका, नाहीतर तुमचंच ॲप स्वतःकडून फोकस हिसकावून घेईल. (यात माझे दोन दिवस गेलेत.)

हेडफोन उपटल्यावर थांबणं हा फोकसचा विषय नाही, त्यासाठी बिकमिंग नॉइझीचा ब्रॉडकास्ट (आवाज आता स्पीकरवर जाणार, ही सिस्टीमची सूचना) ऐका. आणि टार्गेट अँड्रॉइड 15 असेल तर ॲप समोर नसताना, फोरग्राउंड सर्व्हिसही (नोटिफिकेशन दाखवून मागे चालणारं काम) चालू नसताना मागितलेला फोकस नाकारला जातो.

तरीही अडलात तर एडीबी शेलमध्ये (कॉम्प्युटरवरून फोनला कमांड द्यायची सोय) डंपसिस ऑडिओ ही कमांड चालवा. फोकस स्टॅकमध्ये सगळ्यात शेवटी ज्याचं नाव, फोकस त्याच्याकडे. तो भाग इथे चिकटवा, बघतो.