तडकलेली मान आणि बुडाजवळची चकाकती रेघ

चार-पाच वेळा पुन्हा भरून वापरलेल्या .३०८ रायफलीच्या काडतुसांच्या काही पुंगळ्यांची (पितळी कवचांची) मान, म्हणजे बुलेट धरणारं अरुंद तोंड, तडकलीय, दोन-तीन पुंगळ्यांवर बुडाच्या जरा वर चकाकती रेघ आलीय. सगळ्यांना अ‍ॅनीलिंग करून (म्हणजे आच देऊन पितळ मऊ करून) भागेल का आणि घरातलं पितळेचं पॉलिश चालेल का, असं तुम्ही विचारलंय. भागणार नाही. हे दोन वेगळे रोग आहेत आणि रेघेवर आचेचा काहीही उपयोग नाही.

मानेचं आधी सांगतो, ते सोपं आहे. काडतुसाच्या पितळात साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असतं. बार उडाला की मान फुगते, डायमध्ये (पुंगळी पुन्हा मापात आणणाऱ्या साच्यात) आवळली जाते, एक्स्पांडर ती आतून पुन्हा ताणतो. या ओढाताणीत पितळ कडक होत जातं आणि शेवटी फाटतं. फाटलेल्या पुंगळ्या टाकून द्या. त्याच लॉटमधल्या धड पुंगळ्यांना अ‍ॅनीलिंग करा. आच फक्त मानेला आणि खांद्याला (मानेखालच्या उताराला), पुंगळी सतत फिरवत, काही सेकंदच. लाल होईस्तोवर तापवलीत तर मान बुलेट नीट धरणार नाही. बुडाला मात्र आच लागताच कामा नये. ते कडक असतं म्हणूनच दाब पेलतं. मऊ पडलं तर गॅस मागे, तुमच्या चेहऱ्याकडे येऊ शकतो. अख्ख्या पुंगळ्या ओव्हनमध्ये ठेवायचा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका.

आता रेघ. कधीकधी ती नुसती डायची खूण असते, म्हणून खात्री करून घ्या. पेपरक्लिप सरळ करा, टोक काटकोनात जेमतेम वाकवा आणि घासून अणकुचीदार करा. ती आत घालून टोक भिंतीला टेकवत बुडापासून वर ओढा. सरळ सरकली तर ठीक. रेघेच्या उंचीवर खाचेत अडकली, तर तिथली भिंत आतून पातळ झालीय. पुढच्या कुठल्याही बाराला बूड तुटून वरचा भाग चेंबरमध्येच (नळीतल्या काडतूस बसायच्या जागेतच) राहू शकतो. अशी एक सापडली की त्या लॉटमधली प्रत्येक पुंगळी तपासा.

याचं मूळ बहुधा तुमच्या डायच्या सेटिंगमध्ये आहे. फुल-लेंग्थ डाय (अख्खी पुंगळी आवळणारी) गरजेपेक्षा खाली बसली की खांदा फार मागे ढकलला जातो. मग बाराच्या वेळी भिंत चेंबरला चिकटते, बूड मागे बोल्टपर्यंत (चेंबर मागून बंद करणाऱ्या दांड्यापर्यंत) ताणलं जातं आणि नेमकी बुडाच्या वरची भिंत ताणून पातळ होते. बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलीला खांदा ०.००१ ते ०.००२ इंच मागे गेला की पुरे. अंदाजाने नको, कंपॅरेटर (बुडापासून खांद्यापर्यंतचं अंतर मोजायचं साधन) लावून तुमच्याच रायफलीत उडालेल्या पुंगळीशी ताडून बघा. लांबीवरही लक्ष ठेवा. .३०८ ची कमाल लांबी २.०१५ इंच. दर खेपेला बरंच ट्रिम करावं लागत असेल, तर मानेकडे वाढलेलं ते पितळ खालच्या भिंतीतूनच आलेलं असतं.

पितळेच्या बऱ्याच पॉलिशमध्ये अमोनिया असतो, आणि ताण असलेल्या पितळाला तो चिरा पाडतो. ब्रिटिश फौजेची हिंदुस्थानातली काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत साठवली की तडकायची. घोड्यांच्या मुतातला अमोनिया हे त्याचं कारण १९२१ मध्ये स्पष्ट झालं. तुम्ही अक्रोडाच्या टरफलांचा किंवा मक्याच्या बुरकुंडांचा भुसा घालून टंबलरच (पुंगळ्या घोळवून साफ करणारं यंत्र) वापरा. चकाकी थोडी कमी येईल, तेवढी चालते. अमोनियाचं पॉलिश ज्यांना आधीच लावलंय त्या पुंगळ्या मी तरी पुन्हा भरणार नाही.