वडिलांची एमजी उभी करायची, पण मुलीची एफडी न मोडता

एफडी मोडू नका, पर्सनल लोन काढू नका, आणि गाडी सव्वातीन लाखांत देऊनही टाकू नका. तुमच्या तिन्ही प्रश्नांना माझं उत्तर ‘नाही’ असलं, तरी गाडी उभी करायला माझा होकार आहे. कसा, ते सविस्तर सांगते.

वाचकांसाठी आधी पत्रातला मजकूर थोडक्यात. तुम्ही ५१ वर्षांचे, तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकी शिकवता. पत्नी शाळेत शिक्षिका. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यात वडिलांची १९६६ ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे दोन सीटची उघडी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, १९९३ पासून ताडपत्रीखाली उभी आहे. वडील २०१९ मध्ये गेले. आई ७९ वर्षांच्या आहेत आणि त्यांना त्या गाडीत एकदा बसून तेलंगखेडीपर्यंत जायचं आहे. गॅरेजने ११ लाख ४० हजारांचं एस्टिमेट दिलं आहे, त्यातले साडेपाच लाख आगाऊ. आठ महिन्यांत गाडी नवीकोरी करून देतो म्हणतात. तुमच्याकडे साडेआठ लाखांची एफडी, १३ लाखांचे म्युच्युअल फंड, बचत खात्यात तीन लाख. दोघांचा मिळून हातात येणारा पगार १ लाख ४२ हजार, घरखर्च ७८ हजार, एसआयपी २५ हजार. डोक्यावर कर्ज नाही. मुलगी बारावीत. एक गृहस्थ गाडीचे सव्वातीन लाख देऊ करतात. तुम्ही विचारता: एफडी मोडू का, पर्सनल लोन काढू का, की गाडी विकून टाकू?

म्हणजे महिन्याला ३९ हजार उरतात. माझा सगळा सल्ला या ३९ हजारांवर उभा आहे, एफडीवर नाही. एफडी मुलीच्या चार वर्षांच्या शिक्षणाची आहे आणि तिचं पहिलं वर्ष दारात येऊन उभं आहे. म्युच्युअल फंड तुमच्या निवृत्तीचे आहेत. त्यातले आठ लाख आज काढले नाहीत आणि वर्षाला दहा टक्के वाढ धरली, तर आठ वर्षांत त्यांचे सव्वासतरा लाखांच्या आसपास होतात. शिवाय इक्विटी फंड विकताना वर्षातल्या सव्वा लाखावरच्या दीर्घकालीन नफ्याला साडेबारा टक्के कर लागतो, तो वेगळाच.

आता कर्ज. समजा आठ लाख, १३ टक्के, पाच वर्षं. हप्ता येतो साधारण १८,२०० आणि व्याज जातं दोन लाख ९२ हजार. तेच १८,२०० दर महिन्याला बाजूला टाकलेत, तर ४४ महिन्यांत आठ लाख जमतात, एक रुपया व्याज न देता. जुन्या गाडीचं काम मुळात याच चालीने चालतं. पार्ट इंग्लंडहून यायला आठवडे लागतात, लेथवाला आपल्या सवडीने सिलिंडर बोअर करतो, म्हणजे आतून कातून मोठा करतो, मधेच एखादा बोल्ट तुटतो आणि महिना जातो. पैसा मात्र पहिल्या दिवशी एकरकमी द्यायचा आणि त्याचं व्याज भरत काम पूर्ण व्हायची वाट बघायची, हे मला पटत नाही. आठ महिन्यांचा शब्दही मी धरणार नाही.

एस्टिमेट मी ओळ न ओळ वाचलं. माझ्या वडिलांचं इतवारीत गॅरेज होतं, त्यामुळे असे कागद वाचायची सवय लहानपणापासूनची आहे. आकडे लाखांत: इंजिन २.६०, गिअरबॉक्स-क्लच ०.९०, ब्रेक आणि सस्पेन्शन १.६०, वायरिंग १.२०, पत्राकाम २.८०, पेंटिंग १.३०, सीट आणि टप १.००. बेरीज बरोबर आहे. पण खाली बारीक अक्षरात लिहिलंय, ‘इम्पोर्टेड पार्ट अ‍ॅक्च्युअलप्रमाणे’. म्हणजे पिस्टन, बेअरिंग, ब्रेकचे किट, वायरिंगचा हार्नेस, सगळ्याची किंमत, कुरिअर, कस्टम ड्यूटी आणि जीएसटी तुमच्या डोक्यावर. मी एकूण खर्च १५ ते १७ लाख धरते.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. ‘फुल इंजिन’ लिहिलंय, पण कोणीही कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाब किती बनतो ते, बघितलेलं नाही, इंजिन हाताने फिरवून पाहिलेलं नाही. गाडी ३० वर्षं उभी असली की पिस्टन रिंगा सिलिंडरला धरतात, हे खरं. म्हणून आधी चारही प्लग काढायचे, आत पातळ तेल सोडायचं, आठ-दहा दिवस मुरू द्यायचं आणि मग पुढच्या पुलीच्या नटावर पाना लावून हळूहळू फिरवायचं. सेल्फ मारायचा नाही, ढकलायची तर अजिबात नाही. मोकळं झालं की कॉम्प्रेशनचे चार आकडे घ्या. चारही पुरेसे चांगले आणि एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत असले, तर इंजिनाचे ते दोन लाख ६० हजार आज खर्च करायचं कारण नाही. आणि बोअर करावाच लागला, तर आधी मोजमाप, मग ओव्हरसाइज पिस्टनची ऑर्डर. उलट्या क्रमाने मागवलेले पिस्टन कपाटात पडून राहिलेले मी पाहिले आहेत.

गॅरेजवाल्याने तोंडी म्हटलं की इंजिन नाही जमलं तर जपानी बसवून देतो. याला साफ नकार द्या. तुमच्या गाडीचं १७९८ सीसीचं इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीजमधलं आहे. आपल्या अ‍ॅम्बॅसेडरमध्ये वर्षानुवर्षं जे १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन होतं, ते याच घराण्यातलं. नागपुरात अ‍ॅम्बॅसेडरवर आयुष्य काढलेले मिस्त्री अजून आहेत. टॅपेट सेटिंग, सीबी पॉइंट, एसयू कार्बोरेटर हे त्यांच्या हातातलं काम आहे. असा एखादा माणूस शोधा, रोजाने बोलवा. शिवाय इंजिन बदललं की व्हिंटेज नोंदणीचा रस्ता बंद होतो. २०२१ च्या नियमांत ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात ठेवलेल्या गाड्यांना व्हिंटेज म्हटलंय. चॅसी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार केलेला चालत नाही.

या नियमांतली आणखी एक बाब नीट ऐका, कारण पत्रात तुम्ही ‘दर रविवारी सकाळी सेमिनरी हिल्सला चक्कर’ असं लिहिलंय. व्हिंटेज नोंदणीची फी २० हजार आणि मुदत दहा वर्षं. पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा मोजक्या कामांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला नाही. तुम्हाला रविवारची चक्कर हवी असेल तर सध्याच्याच नोंदणीचं नूतनीकरण, फिटनेस, हरित कर या वाटेने जावं लागेल. दोन्हींपैकी कोणतीही वाट धरा, आरसी आधी तुमच्या नावावर हवी. ती अजून वडिलांच्या नावावर आहे. गिरीपेठच्या आरटीओत फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, वारसांची संमती घेऊन जा. मुदत तीन महिन्यांची होती, त्यामुळे दंड धरून चाला. आरसीवरचे इंजिन आणि चॅसी नंबर गाडीवरच्या नंबरांशी पडताळून बघा. तुमच्या सालाच्या इंजिनाचा नंबर १८जीबी या अक्षरांनी सुरू व्हायला हवा. कागद सरळ झाल्याशिवाय गाडीवर लावलेला प्रत्येक रुपया अशा वस्तूत जातो, जी उद्या विकताही येत नाही आणि रस्त्यावर काढताही येत नाही. सव्वातीन लाख देऊ करणारा गृहस्थही कागद नाहीत म्हणूनच एवढे कमी सांगतोय, असं मला वाटतं.

गाडी ही गुंतवणूक मात्र समजू नका. एमजीबी पाच लाखांहून जास्त तयार झाल्या. त्यामुळे अगदी बॉडी शेलपर्यंतचा जवळजवळ प्रत्येक भाग आजही नवा मिळतो, हे तुमचं नशीब. पण त्याच कारणाने ती दुर्मीळ नाही आणि केलेला खर्च विकताना निघेल असं धरता येत नाही. वैयक्तिक वापराच्या गाडीवर नफा झाला तर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, तसाच तोटा झाला तर कुठे वजाही करता येत नाही. हा वडिलांच्या आठवणीवरचा खर्च आहे, आणि तो करण्यासारखा आहे.

मग काम कोणत्या क्रमाने? आईंना गाडीत बसायचं आहे, रंग चकाकतो की नाही हे त्या बघणार नाहीत. त्यांचं वय ७९. म्हणून ४४ महिने थांबून सगळं एकदम करण्यापेक्षा, गाडी सुरक्षित चालेल आणि सुरक्षित थांबेल एवढं काम पहिल्या १६ महिन्यांत करा. पेंटिंग, सीट, क्रोम नंतर.

सगळ्यात आधी खालचा पत्रा बघा. या गाडीला खाली वेगळा चॅसीचा सांगाडा नाही. दारांखालच्या पत्र्याच्या पट्ट्या, म्हणजे सिल, हेच तिचं बळ आहे. नागपूरची हवा कोरडी असली तरी वाड्याच्या फरशीला पावसाळ्यात ओल येते. सिल सडले असतील तर वेल्डिंग आधी, वायरिंग नंतर. नव्या वायरींशेजारी वेल्डिंगची ठिणगी पडू देऊ नका. या तपासणीवर आणि इंजिन मोकळं करण्यावर मिळून ४० हजारांची मर्यादा ठेवा. सिल पूर्ण गेलेले निघाले तर तिथेच थांबा आणि मला कळवा, तेव्हा हिशेब वेगळा होईल.

सिल ठीक असतील तर ब्रेक. पुढे डिस्क, मागे ड्रम, आणि सगळ्याला एकच सर्किट. एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक जातात. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि ३० वर्षांत ते पाणी आतून गंज धरतं. म्हणून मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर, कॅलिपर, सगळे पाइप आणि होज बदला किंवा नव्याने बांधून घ्या. टायर कितीही जाड दिसोत, नवे घ्या. पुढची चाकं ज्यावर वळतात त्या किंगपिनला ग्रीस भरा. यासाठी एक लाख दहा हजार ठेवा.

पेट्रोलची व्यवस्था त्यानंतर. ही गाडी उभी राहिली तेव्हा पेट्रोलमध्ये शिसं होतं. आज शिसं नाही आणि वीस टक्के इथेनॉल आहे. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या आणि सील मऊ करतं, पाणी ओढतं आणि टाकी आतून गंजवतं. टाकी उतरवून धुवा, इथेनॉलला टिकणारे होज घाला, दोन्ही कार्बोरेटरचे किट बदला. शिशाशिवायच्या पेट्रोलवर जुन्या सिलिंडर हेडमधली एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बैठक हळूहळू झिजते. हेड कधी उतरलंच तर कडक धातूची बैठक बसवून घ्या, पण निव्वळ त्यासाठी आज हेड उतरवू नका. आपल्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा रेडिएटरचा कोअर आणि पाण्याचा पंप यात गृहीत धरा. एकूण ५० हजार.

वायरिंगबद्दल मात्र मला जास्त बोलायचं आहे, कारण पैसा इथे वाचतो आणि गाडी इथेच जळते. माझ्या एका अशिलाने जुनी हेरल्ड गाडी आधी रंगवून घेतली, वायरिंग ‘चालतंय ना’ म्हणून तसंच ठेवलं. वर्धा रोडवर डॅशबोर्डमागून धूर आला आणि नव्या रंगासकट अर्धी गाडी गेली. तुमच्या गाडीत फक्त दोन फ्यूज आहेत. हेडलाइट आणि इग्निशन त्या दोन्हींच्या बाहेर. वायरींवरचं कापडी वेष्टन उंदरांनी आणि उन्हाने कधीच संपवलं असेल. शिवाय १९६६ ची गाडी पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीचं धन टोक बॉडीला. सीटच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या मिळून बारा होतात. आजच्या सवयीने कोणी उलट जोडली तर बॅटरी चार्ज करणारा डायनमो आणि त्याचा कटआउट दोन्ही बिघडतात.

एस्टिमेटमध्ये ‘लोकल वायरिंग व नवा अल्टरनेटर’ असं आहे. दोन्ही खोडा. मूळ डायनमो २२ अँपिअर देतो, आणि या गाडीला ना एसी ना म्युझिक सिस्टिम, तेवढं पुरतं. डायनमो रिवाइंड करून घेणं नव्या अल्टरनेटरपेक्षा स्वस्त पडेल आणि गाडी मूळ रूपात राहील. हार्नेस, म्हणजे सगळ्या वायरींचा जुडगा, मूळ रंगांचा तयार मागवा: तपकिरी म्हणजे बॅटरीतून सतत चालू, पांढरी इग्निशनची, हिरवी फ्यूजमधून आलेली, निळी हेडलाइटची, तांबडी पार्किंग आणि टेल लाइटची, काळी अर्थची. सगळीकडे एकाच रंगाची वायर ओढलेली गाडी पुढच्या प्रत्येक बिघाडाला तासन् तास खाते, आणि तासांचे पैसे तुम्ही भरता. हे काम तुम्ही स्वतः करा. मल्टिमीटर तुम्हाला येतो, रविवार तुमच्याकडे आहेत. हेडलाइटला रिले आणि वेगळे फ्यूज घाला, बॅटरीला कटऑफ स्विच लावा. ९० हजारांत बसेल.

ही बेरीज होते दोन लाख ९० हजार. ३९ हजारांतले १२ हजार बचत खात्यात जाऊ द्या, तिथले तीन लाख पाच होईपर्यंत. आईंच्या वयात ते लागतील. २० हजार गाडीच्या वेगळ्या रिकरिंग खात्यात. सात हजार मोकळे राहू द्या, घर श्वास घेईल. १६ महिन्यांत गाडीचे तीन लाख २० हजार होतात. कॉम्प्रेशन वाईट निघालं आणि फुल इंजिन करावंच लागलं, तर आणखी वर्षभर जाईल. तेव्हाही एफडीकडे बघायचं नाही. गॅरेजला एका वेळी एकाच कामाचे पैसे द्या, काढलेला जुना पार्ट परत घ्या, बिल तुमच्या नावाने मागा. गाडी रस्त्यावर काढण्याआधी थर्ड पार्टी विमा तर हवाच. स्वतःच्या नुकसानीचा विमा घेताना एवढ्या जुन्या गाडीची किंमत तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवता, तेव्हा फोटो आणि बिलं हाताशी असू द्या.

या आठवड्यात गॅरेजला आगाऊ रक्कम देणार नसल्याचं कळवा आणि आरसी घेऊन गिरीपेठला जाऊन या. पुढच्या पत्रात मला कॉम्प्रेशनचे चार आकडे आणि सिलचे फोटो पाठवा. इंजिनाच्या दोन लाख ६० हजारांचा निर्णय आपण ते बघून घेऊ.