काळ्या जमिनीत खड्डा नको, वरंबा हवा

प्रश्न : घरासमोर 15 बाय 10 फुटांची जागा आहे. माती काळी, चिकट. गेल्या पावसाळ्यात दोन-दोन फूट खड्डे घेऊन त्यात लाल माती आणि शेणखत भरलं. लिंबू, जास्वंद, कढीपत्ता लावला. श्रावणात पानं पिवळी पडली आणि लिंबू गेलंच. उपटलं तर मुळांना कुजका वास येत होता. यंदा वाळू मिसळावी का? – एक वाचक, परभणी

उत्तर : ताई, वाळूवर पैसे घालू नका. मातीचा पोत खरंच बदलायचा तर जवळजवळ निम्मी वाळू लागेल. थोडीफार टाकलेली चिकणमातीत रुतून बसते आणि उन्हाळ्यात जमीन आणखी टणक होते.

तुमचं लिंबू पाण्यानं गेलं, तो वासच सांगतो. काळी माती भिजली की फुगते, भेगा मिटतात आणि पाणी जिरणं जवळपास थांबतं. लाल मातीतून मात्र ते भराभर खाली उतरतं. म्हणजे तुमचा खड्डा हौद झाला आणि मुळं त्यात गुदमरली. खड्डा घ्या, पोयटा म्हणजे गाळाची माती भरा, हा सल्ला मुरमाड जमिनीला उत्तम आहे. काळीसाठीही तोच सरसकट दिला जातो, याचं मला फार वाईट वाटतं. मी लातूरकडची; अशी गेलेली झाडं खूप पाहिलीत.

आता मे चालू आहे, वेळ हाताशी आहे. खड्डे न घेता सगळी जागाच टिकावानं फूटभर खणा. ढेकळं फोडत बसू नका, ऊन आणि पहिला पाऊस ती आपोआप फोडतो. वर चांगलं कुजलेलं शेणखत तीन इंच पसरा. तेवढ्या जागेला अर्ध्या ब्रासच्या (50 घनफुटांच्या) आतच लागेल.

पाऊस पडला की लगेच हात घालू नका, वाफसा येऊ द्या, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी होऊ द्या. मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटला तर वाफसा आला. चपटा होऊन बसला तर अजून थांबा. ओल्या चिखलात खणलं, नुसतं तुडवलं तरी पुढचं वर्षभर ती माती सुधारत नाही.

मग खत मिसळून तीन फूट रुंद, फूटभर उंच वरंबा म्हणजे मातीचा उंचवटा ओढा आणि शेजारची सरी, म्हणजे चर, उताराकडे काढून द्या. रोप वरंब्याच्या माथ्यावर लावा. नर्सरीच्या पिशवीतला लाल मातीचा गोळा तसाच्या तसा पुरू नका. बाहेरची माती बोटांनी मोकळी करा, गोल फिरलेली मुळं सोडवा. नाहीतर मुळं त्या गोळ्यातच घुटमळतात, काळ्या मातीत शिरत नाहीत.

दिवाळीनंतर सोयाबीनच्या भुसकटाचं चार इंच आच्छादन करा, खोडापासून वीतभर लांब. उन्हाळ्यात जमीन भेगाळते तेव्हा बारीक मुळं तुटतात, ते यानं बरंचसं टळतं.

जिप्सम घाला असं कुणी सांगेल. ते चोपण, म्हणजे सोडियम वाढलेल्या जमिनीसाठी. तुमच्या शहरात कृषी विद्यापीठ आहे, आधी माती तपासून घ्या आणि सामूबरोबर (पीएच) चुनखडीचं प्रमाणही विचारा. यंदा कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या असं दिसलं, तर ते बहुधा चुनखडीमुळं लोह न मिळण्याचं लक्षण असेल.

आणि एखाद्या कोपऱ्यात काही केलं तरी पाणी साचतच असेल, तर तिथं लिंबाचा हट्ट सोडा, निर्गुडी लावा. ती ओढ्याकाठची आहे, तग धरेल.