रोज प्रार्थना करूनही घरात शांती नाही, मग ख्रिस्ती माणसाने उपकारस्तुती नक्की करायची तरी कशी?

प्रश्न वाचून दोन दिवस तसाच ठेवला होता, कारण पहिलं जे उत्तर डोक्यात आलं ते अगदी पाळकसाहेबांच्या थाटातलं होतं आणि ते तुम्हाला आधीच कुणीतरी ऐकवलेलं असणार. तुम्ही लिहिलंय की रोज सकाळी बायबल वाचता, प्रार्थना करता, व्हॉट्सॅपवर चार ग्रुपांतून शांतीची वचनं येतात, पण नणंदेशी सात महिने बोलणं बंद आहे, नवऱ्याशी रोज कशावरून तरी खटका उडतो, आणि मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या बायका 'उपकारस्तुती कर (देवाचे आभार मान), सगळं ठीक होईल' म्हणतात तेव्हा खोटं खोटं वाटतं. ताई, मला विचाराल तर खोटं वाटतंय ते बरोबरच वाटतंय.

मी धर्मशास्त्र वगैरे शिकलेलो नाही. मूळचा नगरचा (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात बसायला वेळ लागेल), अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासूनचं ख्रिस्ती घर, सध्या पिंपरीत राहतो आणि एका कंपनीत क्वालिटीला आहे. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार मिळतो आणि ती सवय संध्याकाळी गेटवर ठेवून येता येत नाही. बायको नर्स आहे. एवढी ओळख पुरे.

तुमच्या ग्रुपांवर जे वचन सगळ्यात जास्त फिरतं ते बहुतेक प्रेषित पौलाने फिलिप्पै गावच्या मंडळीला लिहिलेल्या, म्हणजे फिलिप्पैकरांस पत्रातलं, चौथ्या अध्यायातलं सातवं असणार, बुद्धीच्या पलीकडची देवाची शांती तुमची अंतःकरणं राखील ते. आमच्या घरी कॅलेंडरवर आहे, फ्रीजवर मॅग्नेट आहे, एका मामांच्या रिक्षाच्या मागे पण आहे. पण कधीतरी तोच अध्याय वरून सुरू करून वाचा. दुसऱ्या ओवीत पौल काय म्हणतोय? युवदीयेला विनंती करतो आणि सुंतुखेला विनंती करतो, की प्रभूच्या ठायी एकचित्त व्हा. म्हणजे फिलिप्पैच्या मंडळीत दोन बायकांचं भांडण होतं, आणि तेही इतकं की पौल रोममध्ये असो की कुठे, बेड्यांत असताना त्याच्या कानावर गेलं आणि त्याने सगळ्यांसमोर वाचायच्या पत्रात दोघींची नावं लिहिली. विचार करा, आपल्या मंडळीत रविवारी पत्र वाचताना आपलं आणि नणंदेचं नाव आलं तर. आणि त्या बाया साध्यासुध्या नव्हत्या, पुढच्याच ओवीत लिहिलंय की त्यांनी सुवार्तेच्या कामात त्याच्याबरोबर श्रम केलेत. ही दुसरी ओवी मात्र कुणी कॅलेंडरवर छापत नाही.

भांडण कशावरून होतं ते पौल लिहीत नाही, कोण चूक कोण बरोबर तेही नाही. त्यानंतर चारच ओव्या सोडून ते शांतीचं वचन येतं. आणि अध्यायाच्या शेवटी काय, तर एपफ्रदीताच्या हाती तुम्ही जे पाठवलंत ते पोचलं, असं म्हणून पोचपावती आणि आभार. म्हणजे वर भांडण, मध्ये शांती, खाली आभार, सगळं एकाच पानावर, आणि लिहिणारा कैदेत. मला तरी हे कळायला चाळिशी उलटावी लागली. तोपर्यंत मी शांती म्हणजे डोळे मिटल्यावर छातीत काहीतरी गार वाटणं असं समजत होतो, आणि ते वाटलं नाही की प्रार्थनेत कमी पडलो असं वाटायचं.

आता आभाराचं. आपल्या मराठी माणसाची इथे एक अडचण आहे बघा. घरात आपण एकमेकांना थँक्यू म्हणत नाही, म्हटलं तर समोरचा विचारतो, काय रे, परका समजतोस का. आभार हा शब्द आपल्याकडे स्टेजवरचा, कार्यक्रमाच्या शेवटचा. 'आता आभारप्रदर्शन' असं माइकवर आलं की लोक खुर्च्या सरकवून चपला शोधायला लागतात. आणि मराठी बायबलात पौलाच्या त्या शांतीच्या वचनाच्या आधीच्याच ओवीत शब्द कुठला आहे, तर 'आभारप्रदर्शनासह'. मी लहानपणी खरंच समजायचो की प्रार्थनेच्या शेवटी हार घालायचा असतो.

माझ्या बाबतीत गाडी फिरली ती जेवणाच्या ताटावर. जेवणाआधी प्रार्थना करायची पद्धत आमच्याकडे पक्की, मीच करतो, 'प्रभू, या अन्नाबद्दल तुझे आभार मानतो', आमेन, आणि पहिला घास. एकदा बायको नाइट ड्यूटी करून आली होती, तीन तास झोपली असेल, उठून तिने बाजरीच्या भाकरी थापल्या, मेथी केली, आणि माझी आमेन झाल्यावर शांतपणे म्हणाली, "देवाचे मानलेस ते चांगलंय, भाकरी मी केली." बस, एवढंच. आवाज चढवला नाही, ताट आपटलं नाही, मीठ सरकवलं माझ्याकडे. मुलगा हसला. मला आधी रागच आला, कारण प्रार्थनेवर कुणी असं बोलतं का, आणि मग भाकर काही नीट उतरेना.

पुढचे दोन-तीन दिवस तेच डोक्यात. एकोणीस वर्षांच्या संसारात मी त्या बाईच्या भाकरीबद्दल देवाचे किती वेळा आभार मानले असतील, दिवसाला दोन धरा, आणि तिला किती वेळा बोललो? मीठ कमी आहे हे मात्र दर वेळी तिलाच सांगितलं, देवाला नाही. तक्रार थेट आणि आभार वरच्या ऑफिसला, असा सगळा कारभार.

मग एका संध्याकाळी धीर करून म्हटलं, "तू दमून येऊन हे केलंस, बरं वाटलं." तर तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काय फोडलंस?" दुसऱ्या दिवशी म्हटलं तर "पैसे पाहिजेत का?" साधारण महिनाभर असंच चाललं. हे मुद्दाम सांगतोय कारण तुम्ही उद्या नवऱ्याला काही चांगलं बोललात आणि त्याने संशयाने पाहिलं तर हिरमुसू नका, त्याचाही दोष नाही, सवयच नसते.

आणखी एक गोष्ट, ही आमच्या वडिलांची. रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत ते सगळ्यांना आळीपाळीने दिवसातली एक गोष्ट सांगायला लावायचे, जिच्याबद्दल उपकारस्तुती करायची. आम्ही पोरं झोपेला आलेली, पटकन म्हणायचो, 'सगळ्यासाठी तुझे आभार'. ते डोळे न उघडता विचारायचे, "सगळ्यासाठी म्हणजे कशासाठी?" मग शोधावं लागायचं. नळाला पाणी आलं. गणिताच्या सरांनी मारलं नाही. दादाने सायकल दिली. अमुक एकच गोष्ट, नाव घेऊन. तेव्हा छळ वाटायचा, आता वाटतं सगळी मेख तिथेच होती, कारण 'सगळं' या शब्दामागे माणसं दिसत नाहीत, आणि सायकल म्हटलं की दादा दिसतो.

दादावरून आठवलं, खरं तर याच्यासाठीच लिहायला बसलो होतो.

वडील गेल्यावर नगरच्या जुन्या घरावरून आमचं वाजलं. दादा तिथेच राहतो, आई त्याच्याकडे. त्याचं म्हणणं मी हक्कसोडपत्रावर सही करावी, माझं म्हणणं विचारायची ही पद्धत नव्हे, मग बायका मध्ये, मग आत्या मध्ये, मग एक दिवस फोनवर दोघंही जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तीन वर्षं बोलणं बंद. नाताळला नगरला गेलो की एकाच चर्चमध्ये वेगळ्या बाकांवर बसायचो आणि दोघंही तेच गायन गायचो, मोठ्याने. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा विधी, त्याआधी स्वतःची पारख करा असं वाचतात, आणि मी जागेवरच बसून राहायचो. पुढे जायला पाय उचलायचा नाही. बायको विचारायची, मी म्हणायचो पित्त झालंय. वर्षभर पित्त.

येशूचं ते वचन तुम्हाला माहीत असेल, मत्तयाच्या पाचव्या अध्यायातलं, वेदीपाशी दान आणलंय आणि तिथे आठवलं, तर दान तिथेच ठेव आणि आधी भावाशी समेट कर. पण काय आठवलं ते नीट वाचा. तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं तर. माझ्या मनात त्याच्याविरुद्ध काय आहे त्याची यादी मला पाठ होती, तारीखवार. त्याच्या मनात माझ्याविरुद्ध काय असेल हा विचारच कधी केला नव्हता. एका रात्री वडिलांची पद्धत लावली, की दादाबद्दल एक गोष्ट, अमुक एक. सुचेना. मग सुचलं की आईला साखर आहे, रोज दोन वेळा इन्सुलिन टोचावं लागतं, आणि ते गेली सहा वर्षं दादा टोचतोय. ड्यूटी सांभाळून. मी महिन्याला पैसे पाठवत होतो आणि मला वाटायचं झालं माझं काम.

तरी फोन करायला पंधरा दिवस गेले. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं निमित्त झालं म्हणून केला. तारीख वगैरे विचारून झाली, आता ठेवतो म्हणेल असं वाटलं तेव्हा एका दमात बोलून टाकलं, "दादा, आईला तू रोज इंजेक्शन देतोस, सहा वर्षं झाली, मी एकदाही तुला काही म्हटलं नाही." पलीकडून आवाज नाही. मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाला, "बरं." मग म्हणाला, "जेवलास का?"

मी त्या 'जेवलास का'वर बाथरूममध्ये जाऊन रडलो, हे बायकोलाही नंतर सांगितलं.

आमच्याकडची जुनी माणसं भेटली की एकमेकांना 'सलाम' म्हणतात, ख्रिस्ती घरांत ऐकलं असेल तुम्ही. सलाम आणि इब्री (हिब्रू) भाषेतला शालोम एकाच कुळातले शब्द, आणि शालोमच्याच धातूपासून तिथे देणं फेडायचा शब्द येतो. हे मला एका पाळकांनी सांगितलं तेव्हापासून मला शांती म्हणजे गार वाटणं न वाटता उधारी चुकती होणं असं काहीतरी वाटतं. सहा वर्षांची एक उधारी त्या फोनवर थोडी फिटली. म्हणून 'मन शांत होत नाही' असं वाटेल तेव्हा आपल्याकडून कुणाचं काय बोलायचं राहिलंय ते एकदा तपासा, असं मी म्हणेन. नणंदेने सात महिन्यांपूर्वी काय केलं ते बाजूला राहू दे. त्याआधी कधीतरी तिने केलेलं एक काहीतरी असेलच, तुमच्या बाळंतपणात डबा आणला असेल, मुलाचा अभ्यास घेतला असेल. तेवढंच सांगा, भांडणाचा विषय काढू नका. ती 'बरं' म्हणेल, कदाचित तेही म्हणणार नाही, पण तुमच्याकडचं देणं तुम्ही दिलेलं असेल.

आता ते 'सगळं ठीक होईल'वाल्या बायकांबद्दल. थेस्सलनीकाकरांच्या पहिल्या पत्रात 'सर्व स्थितीत उपकारस्तुती करा' आहे. स्थितीत. स्थितीबद्दल नाही. आजारात आभार मानायचे, आजाराचे मानायचे असं कुठे म्हटलेलं नाही. हा फरक न केल्यामुळे लोक जखमेवर मीठ चोळतात आणि वर आमेन म्हणतात. आणि एक स्पष्ट बोलतो, तुम्ही लिहिलेलं नाही पण वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला लागू असेल म्हणून, घरात मारहाण होत असेल तर तिथे उपकारस्तुती सांगणाऱ्याचं ऐकू नका, १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे, तिथे फोन करा. आणि महिनोन्महिने झोप नाही, कशातच मन नाही असं असेल तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरकडेही जा, टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर, १४४१६ वर, मराठीतही बोलता येतं. माझी बायको हे चर्चमध्ये उभी राहून सांगते, काहींना आवडत नाही.

आणि ख्रिस्ती घर म्हणजे कायम मंद आवाजात बोलणारं घर अशी काही कल्पना असेल तर ती सोडून द्या. आपले ना. वा. टिळक घ्या, ज्यांची गायनं आपण दर रविवारी गातो. त्यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि घर उभं फुटलं, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई कित्येक वर्षं वेगळ्या राहिल्या, त्यांचा बाप्तिस्मा झाला १९०० मध्ये. पुढे एकत्र आले तरी खटके काही थांबले नाहीत, टिळक तापट आणि हातात येईल ते देऊन टाकणारे, संसार ओढायचा बाईंनी, आणि बाईंनी ते सगळं हसत हसत लिहून ठेवलंय, काही न लपवता. ते वाचताना मला नेहमी वाटतं की एवढं भांडलेलं जोडपं इतक्या मायेने एकमेकांबद्दल बोलतं हेच खरं बघण्यासारखं आहे.

आमच्याकडे आता जेवणाच्या प्रार्थनेत थोडा बदल झालाय, देवाचे आभार मानले की ज्याने रांधलं त्याचं नाव घ्यायचं. मुलाने एकदा मॅगी केली तर त्याचंही घेतलं, तो लाजला. भांडणं होतात, परवाच गीझरवरून झालं. फक्त आता अबोला रात्रीच्या प्रार्थनेपलीकडे जात नाही, कारण 'कशासाठी?' असं विचारल्यावर समोर बसलेल्या माणसाला वगळून उत्तर द्यायला फार लाज वाटते.

घराचं म्हणाल तर ते तसंच आहे. सही मी अजून केलेली नाही, दादानेही विषय काढलेला नाही, वाटणी काय व्हायची ती होईल. येत्या पहिल्या रविवारी नगरला जातोय, प्रभुभोजन आहे, आणि नंतर वहिनीने जेवायला बोलावलंय.