उत्तर: आडनाव 'वाँग', गाव माहीत नाही? आधी थडगं वाचून घ्या

तुमची पोस्ट वाचली आणि सात-आठ वर्षांपूर्वीचा मीच दिसलो. तुम्ही लिहिलंय की तुमच्या आजीचे चिनी वडील मुंबईत माझगाव डॉकात सुतार, आडनाव वाँग, 'कँटनकडचे' (म्हणजे दक्षिण चीनमधले) एवढंच घरात माहीत, आणि आता एजंट म्हणतोय की इंग्रजी नाव द्या, चीनमधलं मूळ गाव शोधून देतो. देऊ नका हो! निदान आत्ताच नको.

माझे पणजोबापण वाँगच. ६२च्या चीन युद्धात इथल्या चिनी कुटुंबांना उचलून राजस्थानात देवळीच्या कॅम्पात नेत होते, तेव्हा आजीने घाबरून सगळे चिनी कागद चुलीत घातले. राहिलं फक्त इंग्रजी स्पेलिंग. तेच मी चीनमधल्या, पूर्वजांची गावं शोधून देणाऱ्या एका ऑफिसला पाठवलं (नाव घेत नाही, उगाच लफडं नको). त्यांनी वाँगचं मँडरिनमध्ये, म्हणजे चीनच्या प्रमाणभाषेत, सरळ 'वांग' करून टाकलं. ऐकायला बरोबर वाटतं ना? पण कँटोनीजमध्ये, म्हणजे कँटनकडच्या बोलीत, दोन वेगळ्या आडनावांचा उच्चार 'वाँग'च होतो, मँडरिनमध्ये मात्र एक 'वांग' आणि दुसरं 'ह्वांग', अक्षरंच निराळी. आम्ही ह्वांग. मी दोनदा विचारलं की नक्की ना, तर उत्तर एकच, 'रेकॉर्ड तपासलंय'. मग काय, रजा टाकून, तिकिटं काढून, दुभाष्याला पैसे देऊन मी भलत्याच लोकांच्या गावात त्यांच्या पूर्वजांपुढे उदबत्ती लावून तीनदा वाकून आलो. त्या बिचाऱ्यांनी बदक खाऊ घातलं, वर पिशवीभर संत्री दिली, आणि मग एका म्हाताऱ्याने वंशावळ उघडून मान हलवली. ऑफिसला फोन केला तर म्हणे स्पेलिंग तुम्हीच दिलं होतं. अजून डोकं फिरतं.

आणि उत्तर होतं कुठे, तर अँटॉप हिलच्या चिनी कब्रस्तानात! जुन्या थडग्यांवर नावाबरोबर जिल्हा, गाव कोरायची पद्धत आहे. दर एप्रिलला छिंगमिंगला, म्हणजे पूर्वजांची थडगी साफ करायच्या सणाला, जाऊन आम्ही तोच दगड धुवायचो, पण वाचून घ्यायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. फोटो सकाळी काढा, तिरप्या उन्हात अक्षरं उठून दिसतात. जिल्हा 'सुनिंग' निघाला तर ते आजचं थायशान, १९१४ला नाव बदललं कारण हुनान प्रांतातपण त्याच नावाचा जिल्हा होता. म्हणजे नकाशात सुनिंग शोधत बसलात तर भलतीकडेच पोचाल.

माझगावचं देऊळ सी यपवाल्यांचं, म्हणजे थायशान, खायफिंग, एनफिंग आणि शिनहुई या कँटनकडच्या चार जिल्ह्यांचं. तुमचे लोक तिथे जायचे का ते घरात विचारा. अर्थात मुंबईतले सगळेच चिनी तिकडचे नव्हेत, दातांचे डॉक्टर बरेचसे हूपे प्रांतातले.

अजून एक, वंशावळीत आजी सापडली नाही तर वाईट वाटून घेऊ नका, जुन्या वह्यांत मुलींची नावं बहुतेक नसतातच. तिच्या वडिलांचं शोधा, पण पुरुषांना लहानपणीचं एक, शाळेतलं एक, लग्नानंतरचं एक अशी नावं असायची, त्यामुळे पासपोर्टवरचं जुळेलच असं नाही. हा माझा अनुभव, मी काही जाणकार नाही, तुमच्याकडे वेगळं निघू शकतं.

आणि तिकडे कोणी नातेवाईक भेटलेच तर पोस्टाचा पत्ता लिहून घ्या. मी फक्त वीचॅट या चिनी मेसेजिंग ॲपवर विसंबलो, २०२०च्या जूनमध्ये भारतात त्यावर बंदी आली आणि खरे चुलतभाऊ सापडूनही दोन वर्षं बोलणं बंद.

थडग्याचा फोटो मिळाला की इथे टाका. माझगावातल्या एक मावशी आहेत, त्या अक्षरं वाचून देतात, फक्त दुपारी फोन केलेला त्यांना चालत नाही.