सात वर्षांची मुलगी आणि साठीचे आईबाबा सोबत असतील, तर मुंबईजवळ जंगलातल्या छोट्या धबधब्याला कुठे जावं? ऑगस्टमध्ये जमेल का?

तुंगारेश्वरला जा. पण ऑगस्टमध्ये नको, दसऱ्याच्या आसपास जा.

वसईच्या पूर्वेला डोंगरात हे अभयारण्य आहे, साधारण 85 चौरस किलोमीटरचं. वसई रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून रिक्षाने तुंगारेश्वर फाट्यावर यायचं. वनखात्याच्या फाटकापासून महादेवाच्या देवळापर्यंत रुंद कच्चा रस्ता आहे. चढ बेताचा आणि वाटभर सावली. लहान मूल धरून रमतगमत दीड तास समजा. वाट मध्येमध्ये ओढा ओलांडते, आणि ऑगस्ट टाळण्याचा माझा आग्रह आहे तो या ओढ्यामुळेच.

हे डोंगर उभे आणि कातळाचे, ओढे आखूड. वर जोराची सर आली की खाली ऊन असलं तरी थोड्याच वेळात पाणी चढतं. येताना घोट्याएवढं असलेलं पाणी परतताना मांडीपर्यंत आलं, तर मुलीला घेऊन पलीकडे कसं जाणार? म्हणूनच भर पावसात इथे बऱ्याचदा मनाई आदेश असतो, आणि तो मोडून आडवाटेने आत शिरणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. जवळचा चिंचोटी धबधबाही कोणी सुचवेल. तिथे माणसं बुडालेली आहेत, कुटुंबाला घेऊन तिकडे वळूच नका.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला ओढ्याला पाणी असतं, पण ते निवळलेलं, तळाचे गोटे दिसावेत इतकं. श्रावणी सोमवारची गर्दीही सरलेली असते. मात्र परतीचा पाऊस बहुधा दुपारनंतर विजा घेऊन येतो. त्यामुळे सकाळी आठला फाटकावर हजर राहा आणि बारापर्यंत माघारी फिरा. शक्यतो रविवार टाळा.

पाण्यात असताना एक खूण लक्षात ठेवा. स्वच्छ पाणी एकाएकी गढूळ झालं किंवा पालापाचोळा, काटक्या वाहून येऊ लागल्या, की फोटो राहू द्या आणि तडक बाहेर या. ओढा चढलाच तर ओलांडायची घाई करू नका. पाऊस थांबला की असे छोटे ओढे काही तासांत उतरतात, तोवर उंचावर बसून राहा.

पायात पकड असलेले बूट हवेत, चप्पल नको. काळपट, चकाकणाऱ्या दगडावर शेवाळ असतं. कोरड्या, खरखरीत दगडावरच पाय टाका. डबा पिशवीत घट्ट बंद ठेवा, माकडं हातातून ओढून नेतात.

मुलीला वाटेत मोठे कोळी नक्की दाखवा. याच दिवसांत दोन झाडांमध्ये त्यांची जाळी ताणलेली असतात. उन्हाची तिरीप पडली की धागा सोनेरी दिसतो, आणि मधोमध तळहाताएवढी मादी, तिच्याजवळ नखाएवढा नर. धबधब्याइतकीच ती इथेही रमेल. जाळी तेवढी तोडू नका, बाजूने वाकून जा.

धबधबा देवळाच्या पुढे, ओढ्याच्या वरच्या अंगाला आहे. तेवढा टप्पा दगडधोंड्यांचा आहे. आईबाबांचे गुडघे कुरकुरत असतील तर त्यांना देवळातच बसू द्या. तिथे गार असतं, पाण्याचा आवाजही येतो. एकाने त्यांच्याजवळ थांबायचं आणि दुसऱ्याने मुलीला पुढे न्यायचं.